लिमोन्चेलो दुधाळ का होतं?

जड जेवणानंतर कडक मद्याचा छोटा पेला घेतला की अन्न लवकर पचतं, ही युरोपातली जुनी समजूत. या पेयांना नावही ‘डायजेस्टिफ’, म्हणजे पाचक. दक्षिण इटलीचं लिंबाचं गोड मद्य, लिमोन्चेलो, त्यांतलंच एक. २०१० साली झुरिकच्या संशोधकांनी २० जणांना चीज फॉन्ड्यू (वितळलेल्या चीजमध्ये पाव बुडवून खायचा स्विस पदार्थ) खाऊ घालून हे तपासलं. चहा-पाण्यापेक्षा वाइन आणि वर चेरीचं मद्य घेतल्यावर जठर रिकामं व्हायला जास्त वेळ लागला. पाचकपणाचं एवढंच.

खरी गंमत पेल्यात आहे. लिमोन्चेलोसाठी दहा लिंबांची साल एक लिटर ९५ टक्के अल्कोहोलमध्ये (अर्थात पिण्यायोग्य; औद्योगिक स्पिरिट विषारी असतं) भिजत ठेवतात. साल फिकट आणि कडक झाली की ती गाळून काढतात. दीड लिटर पाणी आणि ८०० ग्रॅम साखरेचा गार पाक ओतला की पिवळं, पारदर्शक द्रावण क्षणात दुधाळ होतं. अल्कोहोल उरतं साधारण ३२ टक्के. हा गढूळपणा म्हणजे भेसळ नव्हे.

सालीच्या तेलात मुख्यतः लिमोनीन असतं. ते अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाहीच. पाणी घातल्यावर तेल दुपटी-तिपटीनंच विरळ होतं, पण त्याची विद्राव्यता, म्हणजे विरघळण्याची क्षमता, कैक पटींनी कोसळते. मग जास्तीचं तेल सगळीकडे एकाच वेळी थेंबांच्या रूपात बाहेर पडतं. घुसळावंही लागत नाही. पाणी घातल्यावर असंच दुधाळ होणाऱ्या ‘ऊझो’ या ग्रीक मद्यावरून याला ‘ऊझो परिणाम’ म्हणतात. फ्रान्समधल्या ग्रनोबलच्या संशोधकांनी २०१८ मध्ये न्यूट्रॉनचा झोत टाकून, तो कसा विखुरतो यावरून हे थेंब मोजले: आकार सुमारे १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग. साखरेचा त्यावर फारसा परिणाम दिसला नाही.

इतके बारीक थेंब ब्राउनियन हालचालीमुळे, म्हणजे द्रवातल्या रेणूंच्या सततच्या धक्क्यांमुळे, तरंगत राहतात. तरी लहान थेंबातलं तेल, वक्रता जास्त असल्यानं, सहज विरघळून मोठ्या थेंबाकडे सरकतं. हे ऑस्टवाल्ड परिपक्वन. बाहेरच्या द्रवात तेलाला शिरकावच कमी, म्हणून ही क्रिया रेंगाळते आणि गढूळपणा महिनोन्‌महिने टिकतो.

बिघडतं ते बहुधा सोलताना. सालीखालचा पांढरा थर आला की पेय कडवट होतं. कागदी लिंबाची साल पातळ, त्यामुळे तिथे हमखास. पाक गरम ओतला तर सुगंध उडतो. ४० टक्क्यांची व्होडका वापरली तर तेलच कमी उतरतं आणि पेय नुसतं धुरकट दिसतं.