नवा माल, हेल्मेटं आणि 'कितीची सायकल?' यामागचं थोडं जुनं

कोपऱ्यावरच्या दुकानात या आठवड्यात सायकलींचे खोके उतरलेत, बरोबर हेल्मेटांचे दोन मोठे बॉक्स, आणि दारात येणारा जो तो विचारतोय "चोवीसची आली का?" गंमत अशी की हा प्रश्न सत्तरीचे आजोबाही विचारतात आणि चौथीतल्या पोराची आईही विचारते, दोघांच्या डोक्यात पूर्ण वेगळी सायकल असते. आजोबांची चोवीसची म्हणजे उंच माणसाची, आईची चोवीसची म्हणजे पोराची. हे असं का झालं ते सांगायला थोडं मागं जावं लागतं.

पुणं सायकलींचं शहर होतं, पितळी बिल्ला, डायनॅमो, डबलसीटचा दंड, तासावरची सायकल, हे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडून देतो. एकच गोष्ट त्यातली कुणी सांगत नाही. तेव्हा दुकानात 'सायकल' येतच नसे, सायकलीचे भाग येत. लुधियाना, सोनीपत नाहीतर मद्रासकडून फ्रेम, चिमटा (पुढचं चाक धरणारा), मडगार्ड, चेनकव्हर असं सुटं यायचं, टायर ट्यूब आणि सीट गिऱ्हाईक सांगेल त्या कंपनीचं, आणि दुकानातला फिटर चाकांत तारा भरून, आऊट म्हणजे चाकाचा वाकडेपणा काढून सायकल उभी करायचा. म्हणून बिलात 'फिटिंग' वेगळं लागायचं. आत्ता जे खोके आलेत त्यात सायकल जवळजवळ तयारच असते, हँडल, पायडल, पुढचं चाक आणि सीट बसवली की झालं, तरी लोक अजून विचारतात फिटिंगचे किती.

त्या काळात साईझ म्हणजे फ्रेमची साईझ. सीटखालच्या उभ्या नळीची उंची इंचात. बावीसची सगळ्यांसाठी, चोवीसची उंच माणसासाठी, वीसची बुटक्यांसाठी. चाकाचं माप कुणी विचारायचंच नाही कारण ते ठरलेलं, २८ बाय दीड, म्हणजे चाक २८ इंच आणि टायर दीड इंच जाड. सायकल ॲटलस असो नाहीतर हर्क्युलिस, टायर तोच, गावातल्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळायचा. पोरांनी मधल्या नळीखालून पाय घालून हाफ पायडल मारायची ती याच बावीसच्या नाहीतर चोवीसच्या सायकलीवर, त्यामुळे आकडा डोक्यात पक्का बसलेला.

मग आली नव्वदीची सायकल. हा काळ मला जास्त नीट आठवतो कारण शाळेच्या सुट्टीत मी एका दुकानात हवा भरणं, ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे बघणं, ओव्हरऑइलिंगला (सायकल पूर्ण खोलून साफ करायची तेव्हा) बेअरिंगच्या गोळ्या रॉकेलमध्ये धुणं असली कामं करायचो. रेंजर आणि तिच्यासारख्या सरळ हँडलच्या, जाड टायरच्या सायकली आल्या आणि दहावीच्या रिझल्टला पोरं त्याच मागायला लागली. गियर असला तर सोसायटीत भाव, नसला तरी टायर जाड आहे एवढ्यावर खूश. घरातली मोठी माणसं तोवर लुना, चेतक, कायनेटिकवर गेली होती, म्हणजे सायकल कामाला जायचं वाहन राहिली नाही, ती पोरांची वस्तू झाली. माझ्या मते सायकलीचं खरं नुकसान इथं झालं, रस्ते रुंद झाले तेव्हा नाही, पण हे माझं मत.

आणि इथंच आकडा बदलला. पोरांच्या सायकली पहिल्यापासून चाकाच्या मापानं विकल्या जात, १६, २०, २४. नवी जाड टायरवाली २६. आता मोठी सायकलही चाकाच्या मापानं विकायला लागले आणि फ्रेमचं माप बाजूला पडलं. कुणी जाहीर वगैरे केलं नाही. फक्त एक दिवस "चोवीसची" म्हटल्यावर दुकानदार पोराची सायकल काढून दाखवायला लागला.

बरं चाकाचं माप तरी सरळ असावं की नाही, तर तेही नाही. हा आकडा रिमचा नसतो, फुगलेल्या टायरच्या बाहेरून बाहेर जे माप भरेल त्याचा असतो, तोही अंदाजे. म्हणजे टायर जाड केला की तोच आकडा गाठायला रिम लहान करावी लागते. म्हणून २६ नावाच्या निदान तीनचार वेगळ्या रिम आहेत. पातळ टायरची जुनी २६ बाय १ ३/८ तिच्या रिमचा व्यास ५९० मिलिमीटर, २६ बाय दीड ५८४, आणि एमटीबीची, म्हणजे डोंगरी जाड टायरवालीची, २६ बाय १.९५ किंवा २.१२५ ही ५५९. सगळ्यात वाईट म्हणजे २६ बाय १ ३/४ आणि २६ बाय १.७५. शाळेतल्या गणितात हे एकच. सायकलीत नाही, पहिली ५७१ ची दुसरी ५५९ ची, एकीचा टायर दुसरीवर बसत नाही. अपूर्णांक आणि दशांश वेगळ्या घराण्यातून आलेत. मी एकदा एका दुकानातून सव्वीसचा टायर आणला, घरी अर्धा तास स्क्रू ड्रायव्हर घालून झटापट केली, ट्यूबला दोन भोकं पाडली, आणि मग कळलं की टायर जन्मात बसणार नव्हता. दुकानदार म्हणाला तुम्ही सव्वीसचाच मागितला होता. बरोबरच होतं त्याचं.

आत्ता जे खोके आलेत त्यावर २७.५ आणि २९ लिहिलंय. लोकांना वाटतं हे काहीतरी अगदी नवीन. २७.५ ची रिम ५८४, म्हणजे वर सांगितलेली जुनी २६ बाय दीडच, नवीन नाव घेऊन परत आलीये. आणि २९ ची रिम ६२२, जी रेसिंगच्या ७०० सी ची तीच, फक्त वर जाड टायर. आता आजोबांच्या रोडस्टरची, म्हणजे त्या जुन्या उंच सायकलीची, २८ बाय दीड, तिची रिम किती? ६३५. म्हणजे एकोणतीसच्या रिमपेक्षा अठ्ठाविसची रिम १३ मिलिमीटरनं मोठी! हे मी दुकानात सांगितलं तर कुणी विश्वास ठेवत नाही, मग टेप लावून दाखवावी लागते. बाहेरून मोजलं तर २९ वालीच मोठी भरते कारण टायर सव्वादोन इंच जाड. यावर उपाय निघालाय आणि तो टायरच्या बाजूवर छापलेला असतो, ५७-६२२ असा, पहिला आकडा टायरची जाडी दुसरा रिम, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ट्यूब किंवा टायर घ्यायला येताना फक्त त्याचा फोटो काढून आणा, सव्वीस अठ्ठावीस काही बोलूच नका.

गियरचंही तसंच उलटं झालंय, पूर्वी पुढं तीन मागं सात असे २१ गियर म्हणजे भारी, आता महागडीला पुढं एकच चक्र असतं आणि मागं दहाबारा, गिऱ्हाईक म्हणतं गियर कमी आणि पैसे जास्त कसे काय. असो.

२००५ नंतर बाहेरच्या धाटणीच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या सायकली शहरात दिसायला लागल्या, मग हायवेकडेच्या मोठ्या दुकानांतून स्वस्तातल्या, मग २०१७-१८ ला भाड्याच्या पिवळ्याबिवळ्या ॲपवाल्या सायकली आल्या आणि गेल्या, त्यांच्या कथा इथं नकोत. २०२० मोठं विचित्र वर्ष. ३ जूनला, म्हणजे नेमकं जागतिक सायकल दिनालाच, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला, आणि त्याच उन्हाळ्यात जिम बंद म्हणून लोक सायकल शोधत फिरायला लागले. जगभर सुटे भाग मिळेनात, महिनोन्‌महिने वेटिंग. २०२३ च्या बजेटात आयात सायकलीवरची ड्युटी ३० वरून ३५ टक्के झाली, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ वरून ५. आत्ताच्या किमती या सगळ्याची बेरीज वजाबाकी आहे, दुकानदार मनानं ठरवत नाही, निदान सगळं तरी नाही.

आता हेल्मेट. पुण्यात हा शब्द काढला की लगेच दोन पक्ष. २०१९ च्या जानेवारीत सक्ती कडक झाली तेव्हा विरोधात रॅल्या निघालेल्या आठवत असतील. पण ते सगळं मोटार वाहन कायद्याखाली, आणि पायानं मारायची सायकल मोटार वाहन नाही, त्यामुळे सायकलला सक्ती नाही. दुकानात लोक येऊन सायकलच्या हेल्मेटवर आयएसआय शोधतात, नसलं की नकली आहे म्हणतात. दुचाकीच्या हेल्मेटाचं आयएसआय म्हणजे ४१५१ नंबरचं मानक, १ जून २०२१ पासून त्याच्याशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकता येत नाही, पण ते मोटारसायकल स्कूटरसाठी. सायकलच्या हेल्मेटवर बहुतेक वेळा युरोपातलं ईएन १०७८ असतं, ज्यात हेल्मेट साधारण दीड मीटरवरून आपटून बघतात. त्याच्यावरून कुणी सायकलचं हेल्मेट घालून ॲक्टिव्हा चालवू नका, आणि हे खरंच बघितलंय म्हणून लिहितोय.

रेसवाले हेल्मेट आवडीनं घालायला लागले असंही नाही. आधी कातडी पट्ट्यांची जाळी असायची, डोकं वाचवण्यापेक्षा केस बसवायला जास्त उपयोगी. आत थर्मोकोलसारखा फोम आणि वर कडक टोपी हे १९७५ मध्ये अमेरिकेत आलं. १९९१ ला रेसमध्ये सक्ती करून बघितली तर रेसर संपावर गेले, पॅरिस ते नीस रेसमध्येच. २००३ च्या मार्चमध्ये त्याच रेसमध्ये कझाकस्तानचा एक रेसर डोक्यावर पडून वारला, आणि मग दोन महिन्यांत सक्ती झाली. साध्या लोकांना सक्ती पहिल्यांदा ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात जुलै १९९० ला, आणि त्यानं सायकल चालवणारे कमी झाले का यावर तिकडं अजून भांडतात. मी सक्तीच्या बाजूचा नाही, पण पोरांना घालतो.

तो आतला फोम एकदाच चिरडण्यासाठी असतो. एकदा जोरात आपटलं की बाहेरून चांगलं दिसलं तरी गेलं, मोठ्या भावाचं पडलेलं धाकट्याला देऊ नये.

आणि हेल्मेटचा आकडा मात्र सरळ आहे. बॉक्सवर ५२-५६, ५४-५८ असं जे लिहिलंय ते डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, भुवयांच्या जरा वरून टेप फिरवायची. 'मिडियम', 'लार्ज' या शब्दांवर जाऊ नका, एका कंपनीचं मिडियम दुसरीचं स्मॉल निघतं. टेप काउंटरला सुतळीनं बांधून ठेवलीये, आधीची दोन गायब झाली.