दगडी सभागृहात शब्द कुठे हरवतात?

इंदूरच्या महात्मा गांधी मार्गावरचा टाउन हॉल पाहायला येणारी माणसे बहुधा मान वर करूनच आत शिरतात. १९०४ साली ‘किंग एडवर्ड हॉल’ या नावाने बांधलेली आणि १९४८ पासून महात्मा गांधींच्या नावाने ओळखली जाणारी ही वास्तू भारतीय व गॉथिक शैलींचा मेळ घालून उभी राहिली आहे. घड्याळाच्या मनोऱ्यामुळे गावातले लोक तिला घंटाघरही म्हणतात. कमानी, कळस आणि उंच छत यांत नजर इतकी गुंतते की ही वास्तू ऐकण्याचीही आहे, याचा विसर पडतो. सभागृह रिकामे असताना मध्यभागी उभे राहून एकदाच खणखणीत टाळी वाजवावी आणि हालचाल न करता ऐकावे. टाळीचा पहिला ठोका कोरडा आणि धारदार असतो. त्याच्यामागून येणारा घुमारा मात्र जसजसा लांबतो तसतशी त्याची धार जाते, कारण उंच पट्टीतला ध्वनी हवेतच लवकर विरतो आणि खालच्या पट्टीतला भरीव ध्वनी मागे रेंगाळतो. नाटकाचा संवाद स्पष्ट ऐकू येणार की नाही, तबल्याचे बोल सुटे राहणार की एकमेकांत मिसळणार, हे बरेचसे या घुमाऱ्याच्या लांबीवरून ठरते.

ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४५ मीटर जातो. हिशेब सोपा राहावा म्हणून ३० मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि १२ मीटर उंच असे एक काल्पनिक दगडी सभागृह घेऊ. अशा जागेत ध्वनीला एका भिंतीवरून दुसऱ्या पृष्ठभागापर्यंत सरासरी ११ मीटर अंतर कापावे लागते, म्हणजे एका सेकंदात तो तीसहून अधिक वेळा कुठे ना कुठे आपटून परत फिरतो. दगड, गिलावा आणि गुळगुळीत फरशी प्रत्येक धडकेला त्याच्या ऊर्जेचा जेमतेम दोन-तीन टक्के भाग गिळतात आणि उरलेला जवळपास सगळा परत पाठवतात. उगमापासून निघालेल्या ध्वनीची ऊर्जा दहा लाखांश होईपर्यंत जो वेळ लागतो त्याला निनादकाल म्हणतात, आणि सभागृहाच्या ध्वनिगुणांची चर्चा या एका आकड्यापासूनच सुरू होते.

हा आकडा मोजण्याची रीत सापडली ती एका बिघडलेल्या वर्गामुळे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयात बांधलेल्या नव्या व्याख्यानगृहात वक्त्याचे बोलणे कोणालाच नीट समजत नसे. १८९५ साली त्यावर उपाय शोधण्याचे काम वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे सोपवण्यात आले. तिथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद ऐकू येत राही आणि तेवढ्या वेळात वक्ता पुढचे कितीतरी शब्द बोलून जात असे. रस्त्यावरची रहदारी थांबल्यावर, रात्रीच्या शांततेत सॅबिन ऑर्गनची एक नळी वाजवून बंद करी आणि तिचा आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ नोंदवी. मग जवळच्या सँडर्स नाट्यगृहातल्या आसनांच्या गाद्या आणून तो खोलीत पसरी, पुन्हा मोजणी करी आणि सकाळ होण्याआधी गाद्या परत नेऊन ठेवी. गाद्या वाढत गेल्या तसा घुमारा आखडत गेला. मोजणाऱ्याच्या अंगावरचे कपडेसुद्धा ध्वनी शोषतात आणि निकाल बदलतात, हे लक्षात आल्यावर त्याने आधीच्या पुष्कळ नोंदी बाद केल्या आणि पुढची मोजणी नेहमी त्याच कपड्यांत केली. विज्ञानातली शिस्त म्हणजे काय, हे दाखवणारे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

या परिश्रमांतून जे सूत्र निघाले ते शाळकरी मुलालाही समजेल इतके सोपे आहे. सभागृहाचे घनफळ घनमीटरमध्ये घ्यावे, त्याला ०.१६१ ने गुणावे आणि सभागृहातल्या एकूण शोषणाने भागावे, की निनादकाल सेकंदांत मिळतो. शोषण मोजण्यासाठी सॅबिनने उघडी खिडकी हे माप ठरवले, कारण खिडकीतून बाहेर पडलेला ध्वनी परत येत नाही. म्हणून एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषणाचे एक एकक. आपल्या काल्पनिक सभागृहाचे घनफळ ५,४०० घनमीटर आणि सर्व पृष्ठभागांचे क्षेत्रफळ १,९८० चौरस मीटर भरते. हे पृष्ठभाग सरासरी तीन टक्के ध्वनी शोषतात असे मानले, तर दारे-खिडक्या बंद असताना निनादकाल चौदा सेकंदांच्याही वर जातो. ४० चौरस मीटरची दारे उघडली की तो पावणेनऊ सेकंदांवर येतो. त्यात ५०० श्रोते येऊन बसले आणि प्रत्येकाचे शोषण साधारण ०.४५ एकक धरले, तर दारे बंद ठेवूनही तो सुमारे तीन सेकंद होतो, आणि हजार श्रोते असतील तर १.७ सेकंदांपर्यंत उतरतो. श्रोत्यांची संख्या बदलली की सभागृहाचा ध्वनिगुण इतका बदलतो. रिकाम्या सभागृहात दुपारी तपासलेली ध्वनियंत्रणा संध्याकाळी भरल्या सभागृहात वेगळी का वाटते, याचे उत्तर इथे आहे. डिसेंबरातल्या मैफलीला शाली आणि स्वेटर घालून आलेले इंदूरकर रसिक उन्हाळ्यातल्या सुती कपड्यांतल्या श्रोत्यांपेक्षा थोडा अधिक ध्वनी शोषतात, हेही या हिशेबाला धरूनच आहे.

घुमाऱ्यात बोलणे का समजत नाही, हे पाहण्यासाठी ‘ताट’ आणि ‘थाट’ हे दोन शब्द पुरेसे आहेत. दोन्हींतला ‘आ’ मोठा, ठसठशीत आणि लांब असतो, तर ‘त’ आणि ‘थ’ यांतला भेद तोंडातून सुटणाऱ्या हवेच्या एका झोताने होतो. तो झोत सेकंदाचा दहावा भागही टिकत नाही आणि त्याची ऊर्जा स्वराच्या मानाने फारच थोडी असते. आपण सेकंदाला चार-पाच अक्षरे सहज बोलतो. निनादकाल तीन सेकंदांचा असेल, तर आधीच्या डझनभर अक्षरांतले स्वर अजून हवेत फिरत असतानाच पुढचे नाजूक व्यंजन येते आणि त्यांच्याखाली दबून जाते. आवाज पोहोचतो, पण अर्थ पोहोचत नाही. ज्येष्ठ श्रोत्यांना हा त्रास अधिक होतो, कारण व्यंजनांची ओळख पटवणाऱ्या उंच पट्टीतली श्रवणशक्ती वयानुसार आधी कमी होते.

अशा वेळी सर्रास केला जाणारा उपाय म्हणजे ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवणे, आणि नेमका तोच निरुपयोगी ठरतो. वक्त्यापासून दूर जावे तसा त्याच्याकडून सरळ येणारा ध्वनी क्षीण होत जातो, पण भिंतींवरून परतणारा ध्वनी सभागृहभर जवळपास सारखाच पसरलेला असतो. एका ठराविक अंतरावर दोन्ही समसमान होतात. आपल्या काल्पनिक सभागृहात ५०० श्रोते असताना, सर्व दिशांना सारखा ध्वनी देणाऱ्या उगमापासून हे अंतर केवळ अडीच मीटरच्या आसपास येते. त्यापलीकडे बसलेला प्रत्येक जण वक्त्यापेक्षा भिंती अधिक ऐकत असतो. आवाज दुप्पट केला की सरळ ध्वनी वाढतो तितकाच घुमाराही वाढतो, त्यामुळे दोहोंचे प्रमाण तसेच राहते. उपयोग होतो तो प्रमाण बदलण्याचा. ध्वनी भिंतींकडे व छताकडे न सोडता श्रोत्यांवरच रोखणारे उभ्या ओळीतले ध्वनिक्षेपक लावावेत आणि मागच्या श्रोत्यांसाठी त्यांच्याजवळ मंद आवाजाचे वेगळे ध्वनिक्षेपक ठेवावेत. या मागच्या ध्वनिक्षेपकांतला आवाज दर मीटर अंतरामागे सुमारे तीन सहस्रांश सेकंद उशिरा सोडला, की कान आधी पोहोचलेल्या ध्वनीवरून दिशा ठरवतो आणि बोलणे रंगमंचावरूनच येत असल्याचे जाणवते. श्रवणाच्या या गुणधर्माचा अभ्यास हेल्मुट हास याने विसाव्या शतकाच्या मध्यास केला, म्हणून त्याला हास परिणाम म्हणतात.

सगळे परावर्तन वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. सरळ ध्वनीनंतर सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आत परतलेला ध्वनी कानाला वेगळा जाणवत नाही. तो मूळ शब्दात मिसळून त्याला बळ देतो. तेवढ्या वेळात ध्वनी सुमारे १७ मीटर जातो, त्यामुळे रंगमंचाच्या जवळचा कठीण, किंचित कललेला पृष्ठभाग नटाचा मित्र असतो आणि लांबची मागची भिंत त्याची वैरी असते. कापूस लावायचा तर त्या मागच्या भिंतीला लावावा. अनेक ठिकाणी रंगमंचाभोवती जाड पडदे टांगून मागची भिंत उघडी ठेवलेली दिसते. त्यामुळे मदत करणारा ध्वनी शोषला जातो आणि घात करणारा सुखरूप परततो.

मात्र किती घुमारा हवा, याचे एकच उत्तर नाही आणि इंदूरसारख्या गावात हा प्रश्न विशेष जिव्हाळ्याचा आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मराठी नाटकांना इथला प्रेक्षक मनापासून दाद देतो, आणि नाटकाला निनादकाल एका सेकंदाच्या आसपास किंवा त्याहून थोडा कमी लागतो. इंदूर घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अमीर खाँ यांच्या अतिविलंबित ख्यालासारखे गाणे मात्र थोड्या अधिक घुमाऱ्यात फुलते, कारण तिथे एका स्वराची आस पुढच्या स्वराला आधार देते. त्याच जागेत तबल्याची द्रुत लय सुरू झाली की बोल पुसट होऊ लागतात. पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी नावाजलेल्या व्हिएन्नाच्या १८७० सालच्या म्युझिकफेराइन सभागृहाचा निनादकाल भरल्या अवस्थेत सुमारे दोन सेकंद आहे आणि सॅबिनच्या सल्ल्याने बांधलेल्या, १९०० साली खुल्या झालेल्या बोस्टन सिंफनी हॉलचाही त्याच्या जवळपास आहे. तिथे आपले कौटुंबिक नाटक केले, तर निम्मे विनोद मागच्या रांगांपर्यंत पोहोचणार नाहीत. केवळ निनादकाल जमला म्हणून सभागृह चांगले होते असेही नाही. न्यूयॉर्कमध्ये १९६२ साली नामांकित तज्ज्ञांच्या सल्ल्याने उघडलेल्या फिलहार्मोनिक हॉलवर ध्वनीबाबत इतकी टीका झाली की १९७६ साली त्याचा आतला भाग काढून नव्याने बांधावा लागला आणि २०२२ साली पुन्हा एकदा तसेच करावे लागले.

म्हणून जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धारात ध्वनीचा विचार रंगरंगोटीनंतर नव्हे, तर तिच्या आधी व्हावा, असे माझे आग्रहाचे मत आहे. नवी चकचकीत फरशी, काचेची दारे आणि कडक खुर्च्या यांनी सभागृह देखणे होते, पण त्यातले प्रत्येक साहित्य घुमारा वाढवते. खुर्च्या निवडताना त्यांची आसने गादीची असावीत, म्हणजे रिकामी खुर्चीही बसलेल्या माणसाच्या जवळपास ध्वनी शोषते आणि श्रोते कमी आले तरी फरक मर्यादित राहतो. छताचे काम काढण्यापूर्वी रिकाम्या सभागृहात फुगा फोडून त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तर निनादकालाचा प्राथमिक अंदाज एका सकाळीच येतो. असे फुगे एकाच जागी न फोडता रंगमंचाजवळ, मधल्या रांगांत आणि सज्जाखाली फोडावेत, कारण सज्जाखालच्या श्रोत्याला छतावरून येणारा ध्वनी जवळजवळ मिळतच नाही. त्यानंतर पंखे आणि वातानुकूलन सुरू करून नुसती पार्श्वभूमीची घरघरही मोजावी. तानपुऱ्याची आस आणि नटाची कुजबूज या घरघरीच्या वर राहत नसेल, तर आधी यंत्रे शांत करावी लागतील.