आत्याचा मिक्सर अमेरिकेत

आत्या पहिल्यांदा न्यू जर्सीला लेकीकडे गेली, तेव्हा बॅगेत गोडा मसाला, कुरडया आणि घरचा ७५० वॅटचा मिक्सर होता. अडॅप्टरमध्ये पिन बसली, बटण फिरवलं आणि मिक्सर कण्हत कण्हत सुरू झाला. ओल्या नारळाची चटणी काही केल्या भरडच. थोड्या वेळाने गरम वार्निशसारखा वास यायला लागला. ‘इथली लाइट कमजोर दिसते,’ आत्या म्हणाली. तसं तिचं बरोबरच होतं.

आपल्या घरात २३० व्होल्ट येतात, अमेरिकेत १२०. अडॅप्टर फक्त पिनेचा आकार जुळवतो, व्होल्टेजला हातही लावत नाही. त्यात व्होल्टेज निम्मं झालं की पाणी तापवायच्या रॉडची ताकद निम्मी होत नाही, जवळजवळ पाव होते. कारण करंटही निम्मा होतो आणि वॅट म्हणजे या दोघांचा गुणाकार. इथला १००० वॅटचा रॉड तिथे जेमतेम २७० वॅटचा. मिक्सरची गोष्ट थोडी वेगळी. भार असताना मोटर मंदावली की तिला गार ठेवणारा आतला पंखाही मंदावतो. तो वास त्याचाच.

उलटा प्रवास मात्र खरा धोक्याचा. फक्त १२० व्होल्टवर चालणारा स्ट्रेटनर तिकडून आणून पुण्यात लावला, तर तो साडेतीन पटींहून जास्त वीज ओढतो. मग केस राहतात बाजूला, आधी धूर.

मोबाइल आणि लॅपटॉपच्या चार्जरला सहसा ही भीती नाही. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असं लिहिलेलं असतं. हर्ट्झ म्हणजे वीज सेकंदाला किती वेळा पुढे-मागे होते तो आकडा. आतलं सर्किट आलेल्या विजेचं आधी डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, करतं, मग सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करून हवं तेवढंच व्होल्टेज पुढे सोडतं. म्हणून तो जपानच्या १०० व्होल्टवरही चालतो. (जपानात पूर्वेला ५० हर्ट्झ, पश्चिमेला ६०! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी टोकियोने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. ते भांडण अजून मिटलेलं नाही.)

मिक्सरच्या कार्बन ब्रशवाल्या मोटरला हर्ट्झचं सोयरसुतक नसतं, त्यामुळे व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लावला की काम होतं. पण तो मिक्सरच्या वॅटपेक्षा बराच मोठा हवा, म्हणजे धूडच. त्यापेक्षा ११० व्होल्टचा मिक्सर घेतलेला परवडतो. भारतीय कंपन्याच तो बनवतात.

आणखी एक. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये खोचला की अर्थिंग तुटतं. लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर मनगट टेकलं की मुंग्या येतात, त्या यामुळेच. चार्जरमधून झिरपणारा तो करंट अगदी नगण्य असतो. इस्त्री किंवा स्टीलच्या किटलीला मात्र असा अडॅप्टर लावू नये. आत वायर सुटून धातूला टेकली, तर करंटला जमिनीत जायला तुमच्या हाताखेरीज दुसरी वाट उरत नाही.