मिग-21 नाक वर करून का उतरायचं?

26 सप्टेंबर 2025 रोजी चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं आणि सगळ्या वाहिन्यांवर पुन्हा तेच दोन शब्द ऐकू आले: 'उडती शवपेटी'. 1963 पासून 62 वर्षं हवाई दलाची सेवा केलेल्या, 1971 च्या युद्धात ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर अचूक मारा केलेल्या विमानाची ओळख एवढ्यावरच संपावी, याचं मला मनापासून वाईट वाटतं. अपघात खूप झाले, तरुण वैमानिक गेले, हे खरंच आहे. पण त्याचं कारण 'रशियन भंगार' किंवा 'अपशकुनी विमान' असं सांगितलं जातं, तेव्हा विज्ञान बाजूलाच राहतं. यंत्राला शकुन-अपशकुन नसतो. लिंबू-मिरची बांधल्याने पंखावरून वाहणारी हवा बदलत नाही.

ती बदलते पंखाच्या आकाराने. उंचावरून येणाऱ्या बॉम्बर विमानांना झटपट गाठायचं, या कामासाठी सोव्हिएत अभियंत्यांनी मिग-21 घडवलं. ध्वनीच्या दुप्पट वेगाला पंख पातळ, आखूड आणि मागे झुकलेला हवा. म्हणून त्याला त्रिकोणी डेल्टा पंख दिले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी जेमतेम 7.15 मीटर. आकाशात तो पंख अप्रतिम. अडचण सुरू होते ती उतरताना.

विमान हवेत तरंगतं, कारण पंख सतत हवा खाली ढकलत असतात. ढकललेल्या हवेला जो संवेग मिळतो, त्याची प्रतिक्रिया म्हणजे लिफ्ट, विमानाला वर उचलून धरणारं बल. आता शाळेतली दोन सूत्रं आठवा. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, आणि गतिज ऊर्जा म्हणजे अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. समजा, 200 किलो हवा सेकंदाला 10 मीटर वेगाने खाली ढकलली. संवेग 2,000, ऊर्जा 10,000 ज्यूल. तोच 2,000 संवेग 100 किलो हवेतून मिळवायचा तर तिला 20 मीटर वेग द्यावा लागेल, आणि ऊर्जा होईल 20,000 ज्यूल. लिफ्ट तेवढीच, खर्च दुप्पट! भरपूर हवा हळूच ढकलणं स्वस्त, थोडी हवा जोरात ढकलणं महाग. हा खर्च इंजिनाकडून वसूल होतो आणि विमानाला तो मागे खेचणाऱ्या बलासारखा जाणवतो. यालाच इंड्यूस्ड ड्रॅग म्हणतात. उड्डाणशास्त्रातली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

पुढचा टप्पा जरा सावकाश वाचा. वेग निम्मा केला की दर सेकंदाला पंखाच्या तावडीत निम्मीच हवा येते. वजन तर तेवढंच, म्हणून त्या निम्म्या हवेला दुप्पट वेगाने खाली ढकलावं लागतं, आणि त्यासाठी नाक वर करून पंख जास्त तिरका धरावा लागतो. दर सेकंदाचा ऊर्जाखर्च दुप्पट झाला, आणि त्या सेकंदात कापलेलं अंतर निम्मं. बल म्हणजे ऊर्जा भागिले अंतर, म्हणजे इंड्यूस्ड ड्रॅग चौपट! हवेच्या घर्षणाचा नेहमीचा ड्रॅग मात्र वेग निम्मा झाला की पाव होतो. दोन्हींची बेरीज एका ठरावीक वेगाला सर्वांत कमी असते. त्याच्याही खाली गेलात तर जितकं हळू जाल तितकी जास्त ताकद लागते.

पंखाच्या रुंदीचा हिशोबही तसाच निर्दय आहे. उतरताना मिगच्या पंखाच्या प्रत्येक मीटरवर जवळजवळ एक टन भार असायचा. आपले वैमानिक ज्या किरण विमानावर शिकायचे, त्याची रुंदी सुमारे 10.7 मीटर आणि भार मीटरमागे एक तृतीयांश टनाच्या आसपास. इथेही वर्गच लागतो: मीटरमागचा भार तिप्पट, तर इंड्यूस्ड ड्रॅग नऊपट. म्हणजे त्याच वेगाला मिगचा इंड्यूस्ड ड्रॅग किरणच्या आठ-नऊ पट.

आता वैमानिकाच्या जागी बसा. वेग ताशी 300 किलोमीटरच्या पुढे, नाक वर, त्यामुळे धावपट्टी नीट दिसत नाही. विमान थोडं खाली जातंय असं वाटलं की नवखा हात साहजिकच स्टिक, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणारा दांडा, मागे ओढतो. नाक आणखी उचलतं, ड्रॅग वाढतो, वेग पडतो आणि विमान आणखी खाली बसतं. सरळ पंखाचं विमान स्टॉल होताना, म्हणजे पंखावरची हवा सुटून लिफ्ट कोसळताना, थरथरतं, नाक खाली टाकतं, इशारा देतं. डेल्टाच्या कडेवर हवेचे भोवरे तयार होऊन लिफ्ट टिकवून धरतात, म्हणून तो नाक वर ठेवूनच खाली जात राहतो. इंजिनाचा जोर वाढवणारा थ्रॉटल पुढे ढकलला तरी जुन्या जेट इंजिनाला पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. जमिनीजवळ तेवढे सेकंद नसतात.

हे फक्त रशियन विमानाचं दुखणं नव्हतं. अमेरिकी बनावटीचं एफ-104 स्टारफायटर याहूनही आखूड पंखांचं. पश्चिम जर्मनीने 900 हून अधिक घेतली आणि जवळपास 300 गमावली.

आपल्याकडे पक्ष्यांची धडक, इंजिनातले बिघाड ही कारणंही होती. पण किरणसारख्या सौम्य विमानावरून थेट अशा विमानावर चढवलेल्या मुलांचं काय? मधल्या पायरीसाठी प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस हवाई दलातल्या अपघातांचा अभ्यास करणाऱ्या ला फाँतेन समितीने 1982 मध्येच केली होती. अशी हॉक प्रशिक्षण विमानं हवाई दलात दाखल झाली 2008 मध्ये. दोष द्यायचाच तर त्या 26 वर्षांना द्यावा.

ज्या ओझरच्या कारखान्यात मिग-21 तयार झाली, तिथूनच 17 ऑक्टोबर 2025 रोजी नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-1ए ने झेप घेतली. तेजसचा पंखही डेल्टाच, रुंदी 8.2 मीटर, म्हणजे मिगपेक्षा फार जास्त नाही. इंड्यूस्ड ड्रॅगचं गणित त्यालाही चुकलेलं नाही. फरक असा की वैमानिकाची स्टिक आता थेट पंखाच्या फळ्या हलवत नाही. मध्ये फ्लाय-बाय-वायर संगणक असतो. नाक धोक्याच्या कोनापलीकडे जाऊ लागलं की तो वैमानिकाचा हात आवरतो.