लष्करी उपकरण-शेल्टरचे अर्थिंग

रेडिओ व इतर इलेक्ट्रॉनिक सामग्री ठेवण्यासाठी सैन्य जी ट्रकवर चढवता येणारी धातूची खोली वापरते, तिचे कवच, वीजपुरवठा आणि जमीन यांना सुरक्षितपणे जोडण्याची पद्धत. अमेरिकी सैन्याची एस-२५० व एस-२८० ही अशी शेल्टरे प्रसिद्ध आहेत. निवृत्त झाल्यावर त्यांतली बरीचशी हॅम रेडिओच्या हौशी लोकांकडे गेली. विजेचा झटका बसण्याचा धोका मुख्यतः दारात असतो: एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात ॲल्युमिनियमच्या दाराच्या कडीवर.

जमिनीत धातूचा रॉड ठोकला की काम झाले, हा समज फार पसरलेला आहे आणि तो घातक आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विद्युत संहितेनुसार एकट्या रॉडचा रोध २५ ओहमपेक्षा जास्त असल्यास जोडीला दुसरा इलेक्ट्रोड द्यावा लागतो. समजा, रोध नेमका २५ ओहम आहे आणि १२० व्होल्टची फेज कवचाला चिकटली. जमिनीतून परतणारी वीज १२० भागिले २५, म्हणजे ४.८ अँपिअरपेक्षा जास्त होणार नाही. २० अँपिअरचा ब्रेकर त्याने पडत नाही आणि कवच 'जिवंत' राहते. ब्रेकर पाडते ती पुरवठ्याच्या केबलमधून जनरेटरपर्यंत परत जाणारी अर्थची तार. रॉड वीज कोसळली तर उपयोगी पडतो आणि कवच व आसपासची जमीन यांच्या विद्युतदाबांतला फरक कमी करतो.

शेल्टरची आणखी एक खोड आहे. रेडिओतला गोंगाट अडवायला वीजप्रवेशाच्या पेटीत फिल्टर असतात आणि त्यांतले संधारित्र (कपॅसिटर) फेजपासून थेट कवचाला जोडलेले असतात. १ मायक्रोफॅरडच्या संधारित्रातून १२० व्होल्ट, ६० हर्ट्झवर सुमारे ४५ मिलिअँपिअर वीज कवचात येते. कसलाही बिघाड नसताना! अर्थची तार तुटली तर हीच गळती कडीला हात लावणाऱ्याच्या अंगातून जमिनीत जाते. ५ मिलिअँपिअर गळतीला पुरवठा तोडणारे गळतीरक्षक अशा शेल्टरवर लगेच पडतात. वैतागून कोणी अर्थच काढून टाकतो. याहून वाईट उपाय सुचणे कठीण.

न्यूट्रल व अर्थ यांची गाठ एकाच ठिकाणी मारायची: जनरेटरपाशी किंवा घरच्या मुख्य पॅनेलमध्ये. शेल्टरमध्ये दुसरी गाठ मारली तर न्यूट्रलची वीज अर्थच्या तारेतून आणि कवचातूनही वाहू लागते. शेजारी दोन शेल्टरे असतील तर त्यांची कवचे जाड तारेने एकमेकांना जोडतात, म्हणजे दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याला झटका बसत नाही.

कोरड्या वाळूत किंवा खडकात लांब रॉड निरुपयोगी ठरतो. तिथे तारेने जोडलेल्या अनेक आखूड खुंट्या पसरून ठोकतात आणि माती मिठाच्या पाण्याने भिजवतात. आपल्याकडच्या मीठ-कोळशाच्या अर्थिंग-खड्ड्याचेच हे घाईतले रूप. उभारणी करताना अर्थ सर्वांत आधी जोडतात, आवराआवर करताना सर्वांत शेवटी काढतात.