पार्श्वभूमी: जर्सीवरून नाव पडलेली ‘46’

अमेरिकन फुटबॉलमध्ये बचावाच्या रचनेचं नाव म्हणजे सहसा साधी मोजणी असते. ‘4-3’ म्हणजे पुढच्या ओळीत चार लाइनमन (रेषेवर भिडणारे धिप्पाड खेळाडू), त्यांच्या मागे तीन लाइनबॅकर (दुसऱ्या फळीतले बचावपटू). त्यामुळे ‘46’ ऐकल्यावर नवखा माणूस चार आणि सहाचा हिशोब जुळवायला बसतो आणि फसतो. 46 हा शिकागो बेअर्स संघाच्या डग प्लँक या सेफ्टीचा (सर्वांत मागे राखण करणाऱ्या बचावपटूचा) जर्सी क्रमांक. बचावाचे प्रशिक्षक बडी रायन खेळाडूंना बरेचदा नंबरानंच हाक मारत. प्लँकला मागून उचलून त्यांनी पुढे लाइनबॅकरांच्या रांगेत आणलं आणि रचनेला त्याचाच नंबर चिकटला.

चाकोरीबाहेरचे प्रयोग आधीही झाले होते. 1950 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सच्या स्टीव्ह ओवेन यांनी क्लीव्हलंड ब्राउन्सच्या पासिंगला तोंड द्यायला ‘अंब्रेला’ उघडली. रेषेच्या टोकांवरचे खेळाडू (एंड) मागे सरकले, वर चार बचावपटू छत्रीसारखे पसरले. जायंट्स 6-0 ने जिंकले.

रायन शिकागोत आले 1978 साली, आणि त्याच वर्षी नियम बदलला: पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला (पास झेलणाऱ्याला) ढकलून अडवायला बंदी. पास फेकणाऱ्यांचं फावलं. रायनचं उत्तर सरळ होतं. झेलणाऱ्याला अडवता येत नाही ना? मग फेकणाऱ्याला उसंतच द्यायची नाही. 1981 च्या अखेरीस मुख्य प्रशिक्षकांची गच्छंती दिसू लागली, तेव्हा बचावफळीतल्या खेळाडूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहिलं की रायनना ठेवा. हॅलसनी ते ऐकलं. एरवी खेळाडूंच्या अशा अर्जांना कोण विचारतो!

ही रचना समजून घ्यायची तर समोरच्या संघाच्या सेंटरच्या, म्हणजे रेषेच्या मधोमध उभं राहून चेंडू सोडणाऱ्याच्या, जागी उभं राहावं. वाकून चेंडू दोन पायांतून मागे द्यायचा आहे आणि हातभर अंतरावर बेअर्सचा लाइनमन डॅन हॅम्प्टन टपून बसलाय. शेजारच्या दोन्ही गार्डांसमोरही एकेक लाइनमन, म्हणजे मदतीला कुणी मोकळं नाही. ओटिस विल्सन आणि विल्बर मार्शल हे दोघे लाइनबॅकर रेषेच्या एकाच बाजूला. आठ-आठ जण पुढे. त्यातले नेमके कोण धावून येणार, हे चेंडू हलेपर्यंत कळत नाही.

1984 मध्ये बेअर्सनी 72 सॅक केले, म्हणजे तितक्यांदा चेंडू सुटण्याआधीच फेकणाऱ्याला पाडलं. 1985 च्या हंगामात प्लेऑफचे (बाद फेरीचे) दोन्ही सामने त्यांनी प्रतिस्पर्ध्याला शून्यावर ठेवून जिंकले आणि जानेवारी 1986 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, न्यू इंग्लंड पेट्रियट्सना धावून जेमतेम 7 यार्ड मिळू दिले. गुणफलकही योगायोगानं 46-10. प्लँक मात्र तोवर संघात उरला नव्हता.

त्या हंगामातली एकमेव हार मायामीविरुद्धची, 38-24. मायामीचे प्रशिक्षक डॉन शुलांनी तीन रिसीव्हर पसरवले, पास फेकणाऱ्या डॅन मरीनोनं चेंडू झटपट सोडला. पुढे गर्दी केली की मागे मैदान मोकळं राहतं, हे दुखणं सगळ्यांना दिसलं. नंतर तीन-चार रिसीव्हर ठेवण्याची रीतच पडली आणि दर डावाला 46 लावणं परवडेनासं झालं.

सेंटर आणि गार्डांना झाकणाऱ्या त्या मांडणीला आजही ‘बेअर फ्रंट’ म्हणतात. फेब्रुवारी 2019 च्या सुपर बोलमध्ये तिच्याच जातकुळीची सहा जणांची पुढची ओळ उभी करून लॉस एंजेलिस रॅम्सना अवघ्या 3 गुणांवर रोखलं गेलं. रोखणारा संघ होता न्यू इंग्लंड पेट्रियट्स.