मणक्यातली गादी बदलायची का सांधायची? ऑपरेशन ठरवण्याआधी हे वाचून घ्या

नमस्कार मंडळी. आमच्याकडे मानेच्या कॉलर, कमरेचे बेल्ट, वॉकर मिळतात आणि मागच्या खोलीत फिजिओथेरपी चालते हे तुम्हाला माहितीच आहे. मिरज म्हटलं की सांगली, जत, कोल्हापूर, पार बेळगाव-विजापूरहून पेशंट येतात, त्यामुळे एमआरआयची पिशवी काउंटरवर ठेवून "डॉक्टर म्हणतायत कृत्रिम डिस्क (म्हणजे बनवलेली गादी) बसवू, करू का हो?" असं विचारणारे आता वाढलेत. करायचं का नाही हे सांगायचा अधिकार आमचा नाही, तो सर्जनचा. पण काय काढणार, काय बसवणार आणि का, एवढं समजून गेलात तर सर्जनसमोर मिळणारा वेळ वाया जात नाही, नुसतं हो हो करून बाहेर यायचं आणि मग पार्किंगमध्ये आठवायचं की अरे हे विचारायचंच राहिलं, असं होत नाही.

आधी गादीबद्दल थोडक्यात. मानेत ७ मणके, पाठीत १२, कमरेत ५. वरचे दोन सोडले तर दोन-दोन मणक्यांच्या मधे एकेक गादी असते, बाहेरून चिवट तंतूंची कड आणि आत ओलसर गर. वय वाढतं तसं तिच्यातलं पाणी कमी होतं, कड चिरते, गर मागे सरकतो आणि शेजारच्या नसेला लागतो. मानेत हे जास्त करून सी ५-६ आणि सी ६-७ ला (म्हणजे मानेच्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांच्या मधे) होतं, मग कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. कमरेत एल ४-५ आणि एल ५-एस १ (कमरेचे शेवटचे मणके आणि त्याखालचं माकडहाडाच्या वरचं हाड), तिथली कळ पायात जाते. आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो, चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या माणसाचा एमआरआय काढला की बहुतेक वेळा रिपोर्टात कुठेतरी डिस्क बल्ज, म्हणजे गादी थोडी बाहेर आलीय, असं लिहिलेलं येतंच, दुखत असो वा नसो. त्यामुळे "मणक्यात गॅप आलाय" एवढ्यावर कोणीही ऑपरेशनला तयार होऊ नका. दुखतंय ती जागा आणि फोटोत दिसतेय ती जागा जुळली पाहिजे.

आणि गादी सरकून हातापायात कळ येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना सहा आठवडे ते तीन महिन्यात गोळ्या, व्यायाम आणि थोड्या धीरानं आराम पडतो, सरकलेला गर हळूहळू विरघळूनही जातो. मग थांबायचं कधी नाही? लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेना, हाताची ताकद दिवसेंदिवस कमी होतेय, शर्टाची बटणं लावता येईनात, चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. यातलं काहीही असेल तर आमच्याकडे मसाज मागायला येऊ नका, सरळ स्पाइन सर्जन किंवा न्यूरोसर्जनकडे जा, आणि लघवीचं लक्षण असेल तर त्याच दिवशी.

दोन्ही ऑपरेशनचा अर्धा भाग एकच असतो

हे बऱ्याच जणांना कोणी सांगतच नाही. मानेचं ऑपरेशन घ्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला कातडीच्या घडीत छोटा छेद देतात, अन्ननलिका-श्वासनलिका बाजूला करून मणक्यापर्यंत पोचतात, खराब गादी काढतात, नसेवर आलेलं हाड किंवा गर साफ करतात. हातातली कळ जाते ती या साफसफाईनं. इथपर्यंत फ्यूजन (म्हणजे मणके सांधणं) असो का कृत्रिम डिस्क, काम तेच. फरक पुढे आहे, मोकळ्या झालेल्या जागेत काय ठेवायचं. फ्यूजनमध्ये तिथे हाड किंवा केज (छोटा पोकळ ठोकळा) ठेवून बहुतेक वेळा वरून प्लेट-स्क्रू मारतात आणि काही महिन्यात दोन मणके जुळून एक होतात, तिथली हालचाल कायमची बंद. कृत्रिम डिस्कमध्ये धातूच्या दोन चकत्या आणि मधे बहुधा प्लास्टिकचा, म्हणजे पॉलिथिलीनचा भाग (काही डिस्क धातूवर धातू अशाही असतात), आणि हालचाल चालू राहते.

म्हणजे "डिस्क बसवली की दुखणं जास्त चांगलं जातं" असं कोणी म्हणालं तर जरा थांबा. दुखणं जायच्या बाबतीत फ्यूजन हे कमी प्रतीचं ऑपरेशन अजिबात नाही, १९५० च्या दशकापासून ते चालत आलंय आणि आजही असंख्य लोकांचं काम त्यावर व्यवस्थित चाललंय. डिस्कचा मुद्दा वेगळा आहे, तो शेजारच्या गाद्यांचा आहे. एक सांधा बंद झाला की वरच्या-खालच्या गादीवर हालचालीचा भार वाढतो असं मानलं जातं. हिलिब्रँड नावाचे अमेरिकन सर्जन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मानेचं फ्यूजन झालेल्या पेशंटचा अभ्यास छापला, त्यात शेजारच्या पातळीवर (एक गादी म्हणजे एक पातळी) नवीन त्रास सुरू व्हायचं प्रमाण वर्षाला साधारण २.९ टक्के निघालं, दहा वर्षांचा अंदाज धरला तर चौघांत एक. आता हा त्रास फ्यूजनमुळे झाला का त्या माणसाच्या गाद्या तशाही झिजणारच होत्या, यावर सर्जन लोक आजही वाद घालतात. पण मानेत एक किंवा दोन पातळ्यांवर डिस्क बसवलेल्यांना नंतर परत ऑपरेशन कमी लागलं असं अमेरिकेतल्या मोठ्या चाचण्यांमध्ये दिसलंय, विशेषतः दोन पातळ्यांच्या बाबतीत, आणि डिस्कच्या बाजूनं सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे.

"फ्यूजन केलं की मान लॉक होते, गाडी रिव्हर्स घेताना मागे बघता येत नाही" ही भीती मात्र एका पातळीसाठी फार मोठी करून सांगितली जाते. मान डावी-उजवीकडे वळवतो त्यातला जवळपास अर्धा भाग सगळ्यात वरच्या दोन मणक्यांमध्ये होतो, तिथे गादीच नसते आणि हे ऑपरेशन तिथे होतही नाही. एक पातळी सांधली तर बऱ्याच लोकांना रोजच्या वापरात फरक जाणवतही नाही. तीन सांधल्या तर जाणवतो.

हे नवीन आहे का?

नाही हो. स्वीडनमध्ये फर्नस्ट्रॉम नावाच्या सर्जननी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून गादीच्या जागी स्टीलची गोळी ठेवून पाहिली, पण मऊ मातीवर गोटी ठेवून वरून वजन द्यावं तशी ती हळूहळू मणक्यातच रुतायची. पुढे पूर्व बर्लिनच्या शारिटे हॉस्पिटलमध्ये कुर्ट शेलनॅक आणि करिन ब्यूटनर-यांत्स यांनी कमरेसाठी डिस्क बनवली आणि १९८४ मध्ये ती पहिल्यांदा पेशंटला बसवली गेली. या करिनबाई म्हणजे १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये व्हॉल्टचं सुवर्णपदक मिळवलेल्या जिम्नॅस्ट, नंतर हाडांच्या डॉक्टर झाल्या! अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि इम्प्लांटना परवानगी देणारं सरकारी खातं) त्या शारिटे डिस्कला २००४ मध्ये परवानगी दिली, कमरेची प्रोडिस्क २००६ ला आली, मानेसाठी प्रेस्टीज आणि प्रोडिस्क-सी २००७ मध्ये, आणि मोबी-सी ला २०१३ मध्ये एक आणि दोन अशा दोन्ही पातळ्यांसाठी मान्यता मिळाली.

तरुण पोरं मोबाईलवर जॅक आयकेलची बातमी दाखवतात. तो आइस हॉकीवाला, मानेची गादी सरकली, त्याच्या टीमला फ्यूजन हवं होतं आणि त्याला डिस्क, वाद एवढा पेटला की शेवटी तो दुसऱ्या टीमकडे गेला, नोव्हेंबर २०२१ मध्ये डिस्क बसवून घेतली आणि २०२३ मध्ये त्याच्या टीमनं स्टॅनले कप, म्हणजे आइस हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, जिंकला. खरी गोष्ट आहे, छान आहे, पण तो पंचविशीतला खेळाडू, हाडं भक्कम, मागचे सांधे ताजे. साठीतल्या, शुगर असलेल्या आणि मागचे सांधे झिजलेल्या माणसानं ती बातमी बघून निर्णय घेऊ नये.

कोणाला डिस्क बसत नाही

आमच्या मते हा सगळ्या पत्रकाचा गाभा आहे, कारण इथे पैसे किंवा हौस चालत नाही. हालचाल वाचवायची तर मुळात तिथे हालचाल शिल्लक पाहिजे. जी पातळी हाडं वाढून आधीच आखडलीय तिथे डिस्क बसवून फायदा नाही. मणक्याच्या मागच्या बाजूला छोटे सांधे असतात, फॅसेट म्हणतात, ते झिजलेले असतील तर पुढून हालचाल चालू ठेवल्यावर मागून दुखत राहतं. हाडं ठिसूळ असतील तर चकती रुतते, म्हणून पाळी गेलेल्या बायकांची आणि बरीच वर्षं स्टेरॉइड घेतलेल्यांची डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आधी झाली पाहिजे. मणका मणक्यावरून घसरलेला असेल, जुनं-नवं इन्फेक्शन असेल (आपल्याकडे मणक्याचा टीबी अजूनही दिसतो, तो लपवू नका, घरच्यांना सांगायची लाज वाटली तरी सर्जनला सांगाच), मज्जारज्जूच्या पुढचा, मणक्यांच्या मागून जाणारा पट्टा हाडासारखा कडक झाला असेल, किंवा धातूची ॲलर्जी असेल तरी बहुधा नाहीच. नकली दागिन्यांनी कानाला पुरळ येत असेल तर ते सर्जनला सांगा, निकेलची ॲलर्जी असू शकते.

कमरेच्या डिस्कबद्दल तर अजून सावध. तिथे पोटाकडून जावं लागतं, मोठ्या रक्तवाहिन्या हलवाव्या लागतात, पुरुषांमध्ये वीर्य उलट्या दिशेला मूत्राशयात जाण्याचा धोका थोडा का होईना असतो, म्हणजे ज्यांना अजून मूल हवंय त्यांनी हा प्रश्न न लाजता विचारायचा. आणि पुढे कधी डिस्क काढायची वेळ आली तर त्या रक्तवाहिन्या चिकटलेल्या असतात, दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा अवघड. कमरेची डिस्क ही मुळात गादीमुळेच होणाऱ्या हट्टी कंबरदुखीसाठी आहे, नुसती पायात कळ असेल तर बहुतेकांना सरकलेला तुकडा काढायचं छोटं ऑपरेशन, मायक्रोडिस्केक्टमी, पुरतं. त्यातही हालचाल शाबूत राहते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. मानेतसुद्धा कधी कधी मागून नसेचं भोक मोठं करून भागतं, काही बसवायला लागत नाही.

सर्जनला काय विचारायचं

मान पुढे-मागे वाकवून काढलेला एक्स-रे बघितलात का, म्हणजे या पातळीवर हालचाल किती आहे? फॅसेट कसे आहेत, सीटी लागेल का? माझ्या केसमध्ये फ्यूजन का नको किंवा डिस्क का नको, एकच कारण सांगायचं झालं तर कुठलं? ऑपरेशन चालू असताना डिस्क बसत नाही असं दिसलं तर तुम्ही फ्यूजन कराल का, आणि त्याची संमती मी आत्ताच देतोय का? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा, कारण तसं होऊ शकतं आणि मग नातेवाईक बाहेर भांडतात.

पैशाचं पण बोलू. गुडघ्याच्या इम्प्लांटला सरकारनं २०१७ मध्ये कमाल किंमत ठरवली, ती या डिस्कला लागू नाही, म्हणून कोटेशनमध्ये इम्प्लांटचं नाव, कंपनी आणि किंमत वेगळी लिहून मागा. मेडिक्लेम असेल तर ॲडमिट व्हायच्या आधी टीपीएकडून (विमा कंपनीचे क्लेम बघणारी संस्था) लेखी मंजुरी घ्या, "नंतर बघू" वर जाऊ नका. सरकारी योजनेत बसतं का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आणि इम्प्लांटच्या डब्यावरचा स्टिकर, नंबरसकट, फाईलला लावून घ्या. पुढे एमआरआय काढताना तिथला माणूस पहिलं तेच विचारतो, कारण कोणत्या धातूची डिस्क आहे त्यावर फोटोत किती सावली येणार ते ठरतं.

नंतरचे दिवस

मानेच्या ऑपरेशननंतर गिळायला त्रास आणि आवाज घोगरा हे काही दिवस बऱ्याच जणांना होतं, मऊ भात, पेज, सूप, आणि घाबरायचं नाही. पण मान सुजून श्वास लागला किंवा ताप येऊन जखम ओली झाली तर ताबडतोब हॉस्पिटल. डिस्कभोवती कधी कधी हाड वाढतं आणि काही वर्षांनी ती हळूहळू जाम होते, मग हालचाल वाचवायचा हेतूच गेला, म्हणून काही सर्जन सुरुवातीला दोनेक आठवडे सूज उतरवणारी गोळी देतात, ती दुखत नाही म्हणून मनानं बंद करू नका. फ्यूजनवाल्यांनी मात्र तशी गोळी मेडिकलमधून आपल्या मनानं घेऊ नये, आणि तंबाखू, विडी, मशेरी सगळं बंद, निकोटिननं हाड जुळायला अडथळा होतो. मशेरी म्हणजे तंबाखू नाही असं समजणाऱ्या आज्या आम्हाला अजून भेटतात!

आता कॉलरबद्दल, आमच्या धंद्याच्या विरुद्ध बोलतोय पण बोलतो. डिस्क बसवल्यावर कडक कॉलरची सहसा गरज नसते, लागलीच तर मऊ कॉलर थोडे दिवस, कारण हालचाल चालू राहावी म्हणूनच तर एवढा खर्च केलाय. डिस्चार्ज कार्डावर लिहिली असेल तरच कॉलर घ्या, काकूंनी सांगितली म्हणून नको. कार्डावर कडक कॉलर आणि तारीख लिहिली असेल तर ती मात्र त्या तारखेपर्यंत घालायची, गरम होतं म्हणून काढून ठेवायची नाही.

आमच्याकडे व्यायामाला येताना डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचा स्टिकर आणि नवीन एक्स-रे घेऊन या. सर्जननी व्यायामाला परवानगी लिहून दिल्याशिवाय आम्ही ऑपरेशन झालेल्या मानेला हात लावत नाही, ओळखीचा पेशंट असला तरी नाही, यावरून कृपया आमच्या पोरींशी वाद घालू नका.